हार उजेडाच्या बाजूला

आधी माफी मागते. माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होणारच. चौथीनंतर मी हातात पेन धरलं ते तुमच्या दुकानातल्या पाकिटांवर गिऱ्हाइकांची नावं लिहायला, आणि तेही तुम्ही दोन दिवसांत काढून घेतलंत. म्हणालात, "शालन, तू फोटो काप. तुझी कात्री सरळ चालते, पेन चालत नाही." आता नावं लिहायलाही मीच आहे आणि पेन काढून घ्यायला कोणी नाही. हे बिलबुकाच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहितेय. वही आणायला गेले असते तर दुकानदाराने विचारलं असतं, कशाला हवी वहिनी? मला उत्तर सुचलं नसतं.

तुम्ही गेलात त्याला आज एकोणीस दिवस झाले. रडणं झालं, अजून येईल तेव्हा येईल. आज मी भांडायला बसले आहे.

तीस वर्षं तुम्ही लोकांचे फोटो काढलेत. डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या बाजूला, ज्या घराच्या कपाटात तुमच्या हातचा एखादा पासपोर्ट फोटो नाही असं घर शोधावं लागेल. आणि तुम्ही गेलात तेव्हा भिंतीवर लावायला आपल्या घरात तुमचा एक धड फोटो नव्हता. अहो, एक!

तिसऱ्या दिवशी सुरेशभाऊजी आणि जाऊबाई ठाण्याहून आले. भाऊजी म्हणाले, "वहिनी, दादाचा एक चांगला फोटो काढून ठेवा. तेराव्याला लागेल. मी मोठा करून फ्रेम करून आणतो." मी कपाट उघडलं. लग्नाच्या अल्बममध्ये तुम्ही आहात, पण काडीसारखे आणि मिशी नसलेले. आधार कार्डावर आहात, पण तिथे असे दिसता की कोणी तुम्हाला दारात उभं करणार नाही. मग ते मोठं पिवळं पाकीट निघालं. तुमच्या प्रयोगांचं. भाऊजींनी एकेक फोटो बाहेर काढला आणि खिडकीपाशी नेऊन बघितला.

"हे काय? दादा कोळशाच्या वखारीत बसलाय का?"

"ते तसेच काढायचे," मी म्हटलं.

"ह्यात अर्धंच तोंड आहे."

"हो."

"मग उरलेलं अर्धं कुठाय?"

जाऊबाईंनी दुसरा उचलला. "ह्याच्यात तर नुसतं नाक आहे आणि चष्म्याची एक काच." तिसऱ्यात कान होता. त्या दुःखाच्या घरात, शेजारच्या बायका बसलेल्या असताना, जाऊबाईंना हसू फुटलं आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. बायकांना वाटलं त्या रडताहेत. त्या पाठीवर हात फिरवायला लागल्या. मी मान खाली घातली. मला तुमचा इतका राग आला होता की सांगता येत नाही.

मी तुम्हाला सांगितलं होतं. गेल्या दिवाळीत सांगितलं होतं, "एक तरी उजेडातला फोटो काढून ठेवा स्वतःचा. लागतो." तुम्ही म्हणालात, "कशाला लागतो?" आता कशाला लागतो ते बायकोने नवऱ्याला तोंडाने सांगायचं असतं का? तुम्ही जिंकल्यासारखे हसलात आणि दिव्याला काळा कागद गुंडाळायला लागलात.

हे वेड लागलं ते माझ्यामुळे, असं तुम्ही सगळ्यांना सांगायचात. मला ते आवडत नसे. दुपारची एकची वेळ होती. दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं आणि मी आत स्टुलावर बसून फोटो कापत होते. शटरखालून उजेडाची पट्टी आली होती ती माझ्या एका गालावर पडली होती म्हणे. बाकी सगळं काळं. मला काय माहीत, मी कापत होते. तुम्ही हळूच म्हणालात, "शालन, हलू नकोस," आणि कॅमेऱ्याकडे हात नेलात. मी कात्री टाकली आणि मोरीत जाऊन कडी लावली.

लग्नात सुद्धा माझा एक फोटो मान वर असलेला नाही. कोणी माझ्याकडे रोखून बघितलं की माझं अंग चोरतं, लहानपणापासून. तुम्ही मोरीच्या दाराशी उभे राहून बोललात ते मला शब्दन् शब्द आठवतं. "बाहेर ये. तुझ्या मर्जीशिवाय तू कुठल्या फोटोत दिसणार नाहीस. तुझी शपथ." माझी शपथ! स्वतःची घेतली असतीत तर काय बिघडलं असतं?

मी बाहेर आले. पण ती पट्टी तुमच्या डोक्यात शिरली ती शिरलीच. मग रोज दुपारी एक ते चार. लोक दुपारी झोपतात, तुम्ही शटर ओढून काळोख करायचात. मागे काळा मखमलीचा पडदा, पुढे एक स्टूल, बाजूला एकच दिवा आणि दिव्याच्या तोंडाला पुठ्ठ्याचा बोगदा. पडदा हलतो म्हणून पंखा बंद. मे महिन्यात, पत्र्याखालच्या गाळ्यात, पंखा बंद! मी बसणार नाही म्हटल्यावर तुम्ही स्टुलावर माठ ठेवलात आणि त्याला माझी शाल गुंडाळलीत. माठाचे तुम्ही चाळीस फोटो काढलेत. कोणी बघितलं असतं तर काय म्हटलं असतं? मग माठाला डोळे नाहीत म्हणून स्वतःच स्टुलावर बसायला लागलात. कॅमेऱ्याला दहा सेकंदांची वेळ लावायची, धावत जाऊन स्टुलावर बसायचं, श्वास रोखायचा.

आणि मी काय करायचं? मी काळा पुठ्ठा धरायचा.

हे काम मला कधी पटलं नाही. तुम्ही समजावलंत ते असं. दिवा उजवीकडून येतो. तो समोरच्या पांढऱ्या भिंतीवर आपटून परत येतो आणि तोंडाची डावी बाजूही उजळते. ती उजळायला नको. म्हणून डाव्या बाजूला कोणीतरी काळा पुठ्ठा धरून उभं राहायचं, म्हणजे परत आलेला उजेड पुठ्ठा खातो. मी म्हटलं, "मग भिंतच काळी रंगवा." तुम्ही म्हणालात, "आणि पासपोर्ट फोटो कुठे काढू, तुझ्या माहेरी?" म्हणजे पांढरी भिंत पोटासाठी आणि काळा पुठ्ठा हौसेसाठी, आणि दोन्हींच्या मध्ये मी, जेवणाची भांडी तशीच ठेवून.

वर तुमचं चालूच. "आत सरक. अजून आत."

"फोटोत येईन ना!"

"येणार नाहीस. तिथे काळोख आहे."

"नक्की?"

"कोणाला दिसणार नाहीस."

मी सरकायचे. तुमच्यावर विश्वास होता ना.

हौस दुपारपुरती ठेवली असतीत तर मी काही बोलले नसते. पण तुम्ही ती गिऱ्हाइकांवर काढायला लागलात. तो रिक्षावाला आठवतो? पासपोर्टचा फोटो काढायला आला होता, दुबईला जायचं होतं त्याला. तुम्हाला त्याच्या तोंडावर काहीतरी दिसलं आणि तुम्ही समोरचा दिवा बंद केलात. चार दिवसांनी तो परत आला. "काका, ऑफिसात बोलले तुझा एक कान नाय. दोन्ही कान पायजेत. सरकारला कान दाखवायचेत, तुम्ही कशाला लपवताय?" मी पडद्यामागे मरणाची लाजले. तुम्ही मात्र त्याला विचारत होतात, "ते जाऊ दे, पण फोटो कसा वाटला?" तो म्हणाला, "एक नंबर आहे. घरी लावलाय. पण पैसे द्या परत."

आणि तुम्ही दिलेत! कारण तुम्ही स्वतःच्या हाताने पाटी रंगवून ठेवली होतीत, फोटो पसंत नसल्यास पूर्ण पैसे परत. पूर्ण. बाजूच्या एकाही स्टुडिओत असली पाटी नाही. लोकांना कळायला किती वेळ लागतो? फोटो न्यायचा, घरी लावायचा आणि दुसऱ्या दिवशी येऊन म्हणायचं, पसंत नाही. पैसेही परत आणि फोटोही घरी. मी म्हणायचे, निदान फोटो तरी परत घ्या. तुम्ही म्हणायचात, "त्यांच्या तोंडाचा फोटो मी ठेवून काय करू?"

कल्याणच्या त्या बाई तर मी विसरणार नाही. मुलीच्या लग्नाच्या स्थळांसाठी फोटो हवा होता. मुलगी सावळी, नाकीडोळी छान, माझ्यासारखीच बुजरी. तुम्ही तिला शटरच्या बाजूला बसवलंत आणि अर्धा तास घेतलात. तो फोटो चांगला होता, हे आज तुम्ही नाही म्हणून लिहिते. तिचे डोळे असे आले होते की मला वाटलं ही मुलगी काहीतरी सांगणार आहे. आईने फोटो हातात घेतला आणि म्हणाली, "अहो काका, मुलगी दाखवायची आहे, लपवायची नाही."

तुम्ही म्हणालात, "ताई, डोळे बघा ना तिचे."

"डोळे बघून कोण लग्न करतंय? रंग दिसला पाहिजे, उंची दिसली पाहिजे. ह्या फोटोवरून लोक विचारतील, उरलेल्या अर्ध्या तोंडाला काय झालंय?"

पूर्ण पैसे परत. त्या दिवशी दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. त्या गेल्यावर मी तुम्हाला खूप बोलले. दीड तास बोलले असेन. बाहेरच्यांसमोर माझं तोंड उघडत नाही, ते सगळं साठून तुमच्यासमोर निघायचं. शेवटी विचारलं, "काय असतं हो त्या काळोखात? लोक उजेडाचे पैसे देतात. काळोखात काय बघायचं?" तुम्ही लेन्स पुसत होतात. म्हणालात, "काळ्यातही माल असतो गं." मी म्हटलं, "माल असता तर पैसे परत द्यावे लागले नसते." तुम्ही लेन्स पुसत राहिलात. मला वाटलं, चला, एकदाची मी जिंकले. तो वाद तिथेच राहिला.

आता शेवटच्या फोटोचं ऐका. पाडव्यानंतरची दुपार होती. तुम्ही तो निळा चौकडीचा शर्ट घातला होतात, ज्याची कॉलर मी दोनदा उलटी करून शिवली होती. मी मागे घरात गॅसवर दूध ठेवून आले होते. तुम्ही म्हणालात, एकच फोटो, दोन मिनिटं. मग दिवा हलवलात. मग बोगदा बदललात. मग खडूने खूण केलीत आणि म्हणालात, आत सरक. मी पुठ्ठा धरून बोलत होते, "दूध उतू जाईल. जाईल हो दूध. तुम्हाला दूध लागतं ना चहाला, मग दुधाची काळजी कोण करणार, कॅमेरा?" तुम्ही धावत येऊन स्टुलावर बसलात आणि एकदम गंभीर तोंड केलंत. खटक. दूध उतू गेलं होतंच. शेगडी घासताना मी तुम्हाला काय काय म्हटलं ते देवाला माहीत.

पाकिटातला सगळ्यात वरचा फोटो तो होता. त्यात त्यातल्या त्यात चेहरा होता. उजवा गाल, डोळा, कपाळाचा थोडा भाग, कॉलरचं टोक. बाकी काळं. भाऊजी म्हणाले, "हाच घेऊ. लॅबवाला कॉम्प्युटरवर उजळवून देईल. आजकाल सगळं होतं." ठाण्याच्या लॅबचे कदम, तुमचे नेहमीचे. भाऊजींनी त्यांना उजळवायचे, मोठा करायचे आणि फ्रेमचे मिळून पंधराशे रुपये आगाऊ देऊन टाकले. तुमचा पेन ड्राइव्ह मी शोधून दिला.

अकराव्या दिवशी कदम स्वतःच घरी आले. मी बाहेर पडत नव्हते, म्हणून ते लॅपटॉप घेऊन आले. बसले, पाणी प्यायले आणि भाऊजींना म्हणाले, "साहेब, प्रिंट मारली नाही अजून. जरा घोळ आहे. म्हटलं वहिनींना विचारून घेऊ."

"कसला घोळ? उजळत नाही?"

"उजळतो हो. मस्त उजळतो. ह्यांचा कॅमेरा काळोखातलंही टिपून ठेवतो. आपल्याला काळं दिसतं, पण फाईलमध्ये सगळं असतं. थांबा, दाखवतो."

आधी तुमचा तो काळा फोटो आला. मग कदमांनी बोटाने काहीतरी सरकवलं. काळं होतं ते आधी तपकिरी झालं, मग राखाडी. तुमचा डावा गाल आला. डावा कान आला. जाऊबाई म्हणाल्या, "आले बघा भावजी पूर्ण." मखमलीच्या सुरकुत्या आल्या. अजून सरकवलं. तुमच्या खांद्यामागे, अगदी जवळ, एक बाई आली. हातात पुठ्ठा, पुठ्ठ्याच्या वर तोंड. तोंड उघडं.

अहो, मी होते. माझी ती शेवाळी साडी. कपाळावर घाम. दूध उतू जाईल म्हणत होते, तेच म्हणताना.

मला वाटलं उठावं आणि मोरीत जावं. पण उठता येईना. कारण मी माझ्याकडे बघतच नव्हते, मी तुमच्याकडे बघत होते. इतके दिवस सगळे म्हणत होते, किती गंभीर आलेत फोटोत, साधू माणसासारखे. डावी बाजू उजळली तेव्हा कळलं. ओठाचा डावा कोपरा दाबून धरलेला होता. गाल आतून चावलेला. तुम्ही हसू आवरत होतात. मी मागे बडबडतेय, दूध उतू चाललंय आणि तुम्ही दहा सेकंदं हसू दाबून बसलात, उजव्या बाजूने संत आणि डाव्या बाजूने असे.

कदम म्हणाले, "जिवंत माणूस फोटोत असलं की हार घालत नाहीत, म्हणून विचारायला आलो. वहिनींना काढून टाकतो मी. दोन मिनिटांचं काम आहे, कळणारही नाही कोणी होतं ते."

"टाका, टाका," भाऊजी म्हणाले. "अशुभ असतं ते. पुसून टाका."

कदमांचा हात यंत्राकडे गेला.

"नको," मी म्हटलं.

माझा आवाज मलाच मोठा वाटला. आजवर भाऊजींसमोर मी "हो" आणि "चहा घेता?" ह्यापलीकडे फारसं बोललेले नाही. ते माझ्याकडे बघत राहिले. माझ्याकडे सगळे बघत होते आणि माझं अंग चोरत होतं, पण मी म्हटलं, "पुसू नका. ह्यांनी ठेवलंय ते राहू दे."

"अहो वहिनी, पण हार?"

"मग उजळवू नका. आहे तसाच काळा द्या."

"त्यात दादा दिसत नाही!"

"दिसतात. नीट बघितलं की दिसतात."

हे वाक्य तुमचं आहे. तीस वर्षं मी त्याची टिंगल केली आणि अकराव्या दिवशी माझ्याच तोंडून निघालं. वरून बघून हसला असाल तर हसा.

मी कदमांना एकच विचारलं. म्हटलं, ह्यांना माहीत असेल का मी फोटोत येतेय ते? कदमांनी फोटोतल्या पुठ्ठ्यावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "वहिनी, फाईल उघडली की पहिल्यांदा तेच दिसतं. आणि पुठ्ठा एवढा आत घ्यावा लागत नाही." त्यांनी न विचारता अजून दोन फोटो उघडले, जुने. नुसत्या नाकाचा आणि नुसत्या कानाचा. सरकवलं. नाकाच्या मागे मी, जांभई देतेय. कानाच्या मागे मी, केस काळे आहेत अजून, आणि पुठ्ठा उलटा धरलाय. ते चौथा उघडायला लागले तेव्हा मी म्हटलं, पुरे. पेन ड्राइव्हवर साठ-सत्तर तरी आहेत. ते मी एकेक करून बघीन. घाई नाही.

म्हणजे इतकी वर्षं तुम्ही माझे फोटो काढत होतात. स्वतःचं तोंड पुढे करून मागे माझा फोटो. आणि शपथ मोडली असंही म्हणता येत नाही, कारण कोणाला दिसले नाही मी. हे वागणं झालं का? विचारायचंत ना एकदा! विचारलं असतंत तर मी नाहीच म्हटलं असतं, ते खरं. कडी लावून बसले असते. म्हणूनच विचारलं नाहीत. पण मला एकदा दाखवायचंत तरी. म्हातारपणी, दोघंच असताना दाखवणार होतात का? मग म्हातारपणापर्यंत थांबायचंत. मला ह्याच गोष्टीचा सगळ्यात जास्त राग येतो. बाकी दूध, पंखा, पाटी, सगळं सोडलं मी.

तेराव्याला तोच काळा फोटो खुर्चीवर ठेवला. हार हातात घेऊन जाऊबाई माझ्या कानाशी आल्या. "ताई, तुम्ही आहात ना त्यात. दिसत नसलात तरी आहात. माझा हात नाही होत."

मला सुचलं ते मी सांगितलं. "हार फक्त उजेडाच्या बाजूला घाला."

मग त्यांनी हार फ्रेमच्या उजव्या कोपऱ्यावर अडकवला, कोट खुंटीला अडकवतात तसा. तुमच्या गालावरून खाली आला तो. माझी बाजू मोकळी. येणारा प्रत्येक माणूस नमस्कार करायचा आणि हार घसरलाय असं समजून सरळ करायला जायचा. जाऊबाई तिथेच बसून होत्या, त्या पुन्हा ओढून कोपऱ्यावर न्यायच्या. असं दिवसभर. कोपरच्या जोशीकाकांनी तीनदा सरळ केला आणि तीनदा जाऊबाईंनी वाकडा केला. शेवटी काका चिडले, "अहो, बघतोय मी कधीपासून, नीट का राहत नाहीये?" जाऊबाई म्हणाल्या, "भावजींना तसाच आवडतो." मग कोणी हाराला हात लावला नाही. तुमच्या बाबतीत लोकांना हे उत्तर पटतं.

पंधराव्या दिवशी दुकान उघडलं. झेरॉक्स आणि लॅमिनेशन मला येतंच. दुपारी एक बाई पासपोर्ट फोटोला आल्या. मी सांगायला गेले, काका नाहीत, पण आवाज फुटेना. त्या स्टुलावर जाऊन बसल्या सुद्धा. तुमच्या खडूच्या खुणा होत्याच. मी दोन्ही दिवे लावले, काळा पडदा बाजूला केला आणि कॅमेरा डोळ्याला लावला. अहो, कॅमेऱ्यामागे आपलं तोंड लपतं, हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. समोरचा माणूस आपल्याला बघतच नाही, त्याला स्वतःचीच काळजी. मी उगीच इतकी वर्षं मोरीत जाऊन बसले. दोन्ही कान आले. बाई म्हणाल्या, "छान आला हो. काकांचा जरा काळा यायचा." मी त्यांना पैसे सांगताना पाच रुपये जास्तच सांगितले.

चार दिवसांत पंधराशे जमवले. आज ठाण्याला जाऊन आले, टेंभी नाक्याला भाऊजींकडे. चहा झाल्यावर पाकीट त्यांच्यापुढे ठेवलं. पाकिटावर त्यांचं नाव मी लिहिलं होतं, वाकडं.

"हे काय, वहिनी?"

"कदमांना दिलेले तुमचे पैसे."

"काहीतरीच काय. भावाच्या फोटोचे पैसे घेऊ का मी?" त्यांनी पाकीट माझ्याकडे सरकवलं. मी परत त्यांच्याकडे सरकवलं. दोनदा झालं असं. जाऊबाई दारात उभ्या राहून बघत होत्या.

मी विचारलं, "भाऊजी, खरं सांगा. फोटो पसंत आहे तुम्हाला?"

ते खोटं बोलत नाहीत, तुमच्यासारखेच आहेत त्याबाबतीत. म्हणाले, "खरं सांगू? नाही पसंत. मला दादा पूर्ण बघायचा होता."

"मग घ्या. आमच्या दुकानाची पाटी आहे. पूर्ण पैसे परत."

भाऊजींनी डोळे पुसले आणि पाकीट उघडलं. मी म्हटलं, मोजून घ्या. त्यांनी मोजले. पूर्ण होते. पण फोटो मी त्यांना दिला नाही. पैसेही परत आणि फोटोही त्यांच्या घरी, हा तुमचा धंदा मी बंद केला आहे. फोटो आपल्याच भिंतीवर आहे.